पटावर नसलेल्या मुलांचे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील दहा आमदारांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील दहाही विधानसभा मतदारसंघांचे सन्माननीय सदस्य,
तसेच विधान परिषदेत या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करणारे सन्माननीय सदस्य

विषय: अर्थसंकल्पीय अधिवेशनात जिल्हा परिषद शाळांच्या निधीचा व शिक्षकपदांचा प्रश्न मांडण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या खोऱ्यातल्या डोंगराकडेच्या एका लहान गावात राहते. माझी मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत आहे. दोघेही गावातल्या जिल्हा परिषदेच्या विद्यामंदिरात शिकतात, आणि मीही त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकले. चार वर्षे मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. त्यांतली शेवटची दोन वर्षे अध्यक्ष असल्यामुळे समितीची जमाखर्चाची वही माझ्या घरी असते. गावाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आमच्या शिक्षकांना या पत्रामुळे कोणी जाब विचारू नये, एवढेच त्यामागचे कारण.

गेल्या महिन्यात आम्हाला तोंडी सांगण्यात आले की, सहावी आणि सातवीचा पट सतरा असल्यामुळे पुढील जूनपासून या दोन वर्गांना शिक्षक मिळण्याची शक्यता नाही, तेव्हा पालकांनी मुलांची नावे शेजारच्या मोठ्या गावातील शाळेत घालण्याची तयारी ठेवावी. लेखी पत्र मागितले, ते मिळाले नाही. समितीने ठराव करून पाठवला, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. त्यामुळे आता, मुंबईत अधिवेशन सुरू असताना, आपणा सर्वांना एकाच वेळी आणि सर्वांच्या देखत लिहीत आहे.

आधी ते सतरा मुलांचे गणित सांगते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, शासन निर्णयाने सहावीपासूनच्या वर्गांसाठी वीस पटाची रेघ ओढली आणि त्या रेघेखाली असलेल्या वर्गांच्या शिक्षकपदांवर गंडांतर आले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात मात्र अशी रेघ नाही. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी एकेक शिक्षक असावा, असे ते परिशिष्ट सांगते. पट वाढला तर शिक्षक वाढवण्याची तरतूद त्यात आहे. पट घटला तर शून्यावर आणण्याची नाही. आज आमच्या शाळेत सात इयत्तांना तीन शिक्षक आहेत. मुख्याध्यापकाचे पद मंजूर नसल्यामुळे त्यांपैकी एकाकडे प्रभार आहे, म्हणजे त्यांचा निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. वरच्या वर्गांचे शिक्षक गेले की पाच इयत्तांना दोन शिक्षक उरतील, आणि त्यांतलेही एक पुन्हा प्रभारी.

शेजारच्या गावची शाळा रस्त्याने साडेचार किलोमीटरवर आहे. राज्याच्या नियमांनुसार सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. तो रस्ता आपल्यापैकी काहींनी प्रचाराच्या काळात पाहिलेला आहे, परंतु तो एप्रिल किंवा नोव्हेंबर महिन्यातला कोरडा रस्ता होता. जुलैमध्ये त्यावरचा लहान पूल वर्षातून दोन-तीनदा पाण्याखाली जातो, आणि उसाच्या फडांपासून जंगलाच्या कडेपर्यंतच्या टप्प्यात गवे उतरतात. गवा दिसला की मोठा माणूसही दुचाकी मागे वळवतो. तिथून अकरा वर्षांच्या मुलींनी चालत यावे अशी अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी बहुधा नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजले असावे. वाहनाची सोय करू, असे सांगितले जाते. ज्या दिवशी पूल बुडालेला असेल त्या दिवशी ते वाहन कोठून येईल, हे कोणी सांगत नाही. मुलगे कसेही जातील. मुलींपैकी किती जणींचे शिक्षण सहावीतच थांबेल, याचा अंदाज आमच्या गावातल्या कोणत्याही आईला विचारा.

दुसरा मुद्दा पट मोजण्याच्या तारखेचा आहे, आणि तो कोल्हापूर जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचा आहे. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने त्यानंतर सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, माळावर खोपी पडतात, आणि त्या खोपींतली मुले आमच्या शाळेत येऊन बसतात. यंदा नऊ मुले आली. त्यांतली तीन सहावी-सातवीची आहेत. सतरा आणि तीन वीस होतात, हे सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही. पण ती तीन मुले कागदावर आमची नाहीत. ती त्यांच्या मूळ गावाकडच्या शाळेच्या पटावर आहेत, जिथे त्या महिन्यांत ती नसतात. आमच्या शिक्षकांनी त्यांना शिकवायचे, आमच्या स्वयंपाकीण ताईंनी त्यांना ताटात भात वाढायचा, आणि शिक्षक मंजूर करण्याची वेळ आली की ती जणू आलीच नव्हती. याखेरीज आधारची पडताळणी झालेली नाही म्हणून संचमान्यतेत न धरली जाणारी मुले वेगळीच. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले की मूल वर्गात असूनही गणतीबाहेर राहते, आणि ते अक्षर दुरुस्त करायला बापाला दिवसाचा रोज बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात.

आता पैशांविषयी.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि तेही पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, एकतीस ते शंभरपर्यंत २५,००० रुपये. म्हणजे तीस मुलांची शाळा असलेल्या गावात एक कुटुंब परत आले तर शाळेची पंधरा हजारांनी भरभराट होते आणि तेच कुटुंब पुन्हा मुंबईला गेले तर तेवढीच पडझड होते. मात्र शाळेचे छप्पर, विजेचे बिल, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह यांना एक मूल कमी झाल्याचे काही कळत नाही. आमचा पट बहात्तर. पूर्ण अनुदान मिळाले तरी मुलामागे वर्षाला साडेतीनशे रुपयेही होत नाहीत. त्यातच खडू, रजिस्टरे, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, पिण्याच्या पाण्याची सोय आणि राष्ट्रीय सणांचा खर्च भागवायचा. गेल्या वर्षी ते अनुदान दोन तुकड्यांत आले. दुसरा तुकडा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्या, अशी सूचना त्याच्या सोबतच आली. पावसाळ्यात गळणारे छप्पर जूनमध्ये दुरुस्त करायचे असते, हे गावातल्या कोणालाही ठाऊक आहे. मार्चमध्ये आलेल्या पैशांतून आम्ही काय करू शकलो? रंग विकत घेतला.

मधल्या काळात शाळा कशावर चालली, ते माझ्या वहीत आहे. आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरातून डेअरीला दूध जाते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. समितीने ठरवले की, ज्यांची इच्छा आहे त्यांनी महिन्यातल्या एका बिलातून पन्नास रुपये शाळेसाठी द्यावेत. बहुतेकांनी दिले, ज्यांची मुले आता शाळेत नाहीत त्यांनीही दिले. त्यातून थकलेले वीजबिल भरले, कारण मीटर तोडून नेला होता. गणेशोत्सवात मंडळाने मिरवणुकीचा खर्च कमी करून शाळेला घेऊन दिलेला मोठा टीव्ही त्यामुळे पाच महिने भिंतीवर नुसता टांगलेला होता. त्यातूनच दोन खोल्यांवर पत्रे बदलले. शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले तेव्हा गावातलीच एक डी.एड. झालेली मुलगी दोन महिने वर्ग सांभाळत होती. तिला जे तुटपुंजे मानधन दिले तेही त्याच वहीत आहे. एका पानावर एका आजीबाईंच्या नावापुढे 'अंडी विकून' असे लिहिलेले आहे, कारण त्यांनी तसे लिहायलाच लावले.

लोकवर्गणीचा मला अभिमान आहे, आणि ती बंद व्हावी असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो ती गृहीत धरण्याला. कोणतीही अडचण घेऊन गेले की पहिले उत्तर मिळते, 'लोकसहभागातून बघा.' सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने एकाच महिन्यात शाळा दत्तक देण्याची योजना आणली आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्तावही मागवले, पानशेत आणि तोरणमाळ येथील अशा शाळांची उदाहरणे देऊन. त्या दोन कागदांतून आम्हा पालकांना जे समजले ते असे की, शाळा चांगली असेल तर तिला दाता शोधा आणि लहान असेल तर ती उचलून दुसरीकडे न्या. सरकारची शाळा सरकारच्या पैशांवर चालेल, हे वाक्य त्यांत कोठेच नव्हते.

वर्गखोल्यांबाबत थोडक्यात लिहिते. आमच्या शाळेची दगडी भिंतींची जुनी खोली तीन वर्षांपूर्वी धोकादायक ठरली आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव गेला. तेव्हापासून त्या खोलीला कुलूप आहे, तिसरी आणि चौथी एका खोलीत बसतात आणि पहिली व्हरांड्यात. नवी खोली कोणत्या यादीत आहे, ते दरवर्षी वेगळे सांगितले जाते. शिक्षण हक्क कायद्यातील भौतिक सुविधांची पूर्तता करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली आहे, याची नोंद आपण घ्यावी. पोषण आहाराबद्दल एकच वाक्य: मे २०२५ पासून लागू झालेल्या दराने पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहार-खर्च मिळतो, आणि एवढ्यात डाळ, तेल, भाजी व इंधन बसवून दाखवणाऱ्या आमच्या स्वयंपाकीण ताईंना अर्थखात्याने सल्लागार नेमायला हरकत नाही.

शिक्षकांच्या इतर कामांविषयी मात्र मला न्यायाने लिहायला हवे. कायद्याचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांसाठी शिक्षकांना काम देण्यास मुभा देते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा पूरग्रस्तांचे घर झाल्या आणि शिक्षक तिथे राबले. त्याबद्दल कोणत्याही पालकाची तक्रार नाही आणि नसावी. पण ही मुभा जेव्हा लिहिली गेली तेव्हा एक शिक्षक गेला तरी शाळा चालेल, असे गृहीत असणार. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक गेला की पाच इयत्ता एकाच माणसासमोर बसतात. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे. त्या काळात अशा शाळांत बदली माणूस देण्यासाठी या अर्थसंकल्पात काही तरतूद आहे का, हे आपण विचारावे.

आमच्या समितीचेही एक दुःख सांगून ठेवते. कायद्याच्या कलम २२ नुसार समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि शासनाने व स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा तो आराखडाच आधार असेल, असे त्या कलमात स्पष्ट म्हटलेले आहे. आम्ही चार आराखडे दिले. शेतातली कामे आटोपून रात्री नऊनंतर बसून, खोल्यांची मापे घेऊन, दोन दुकानांतून दर आणून ते तयार केले. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. नियमाने आम्हाला खुर्ची दिली, पण आम्ही लिहिलेल्या कागदाला कोणी उत्तर देईल अशी सोय केली नाही. अनुदान अखेर पटाच्या कोष्टकावरूनच येते. मग आराखडा कशासाठी मागवतात?

आपण सर्व जण 'राजर्षी शाहूंचा जिल्हा' असे म्हणून सभागृहात भाषणाची सुरुवात करता, म्हणून त्या जिल्ह्याच्या शिक्षणाचा थोडा हिशेब मांडते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या वेळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. आज आमच्या गावातला पालक मुलाला शाळेत पाठवतो, वर दुधाच्या बिलातले पन्नास रुपये देतो, आणि तरीही शाळेतले वर्ग कमी होतात. त्या हुकुमाच्या न्यायाने आता दंड कोणाला व्हायला हवा, हे मी आपल्यावर सोपवते.

दुसरे नाव सभागृहात फारसे घेतले जात नाही, ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा माणूस गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम करून पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला. १९६६ मध्ये त्या आयोगाने शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत न्यावा असे सांगितले, त्यासाठी १९८५-८६ पर्यंतची मुदतही सुचवली, आणि सर्व थरांतली मुले परिसरातल्या एकाच शाळेत शिकावीत असा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हाताखालून गेलेला हा आकडा विधानसभेत ठणकावून मांडण्याचा पहिला मान कोल्हापूरच्या आमदारांचा आहे, असे मला वाटते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सहावी-सातवीच्या वर्गांना शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार शिक्षक द्यावेत आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातील जे निकष त्या परिशिष्टाशी विसंगत आहेत ते मागे घ्यावेत. ग्रामसभेच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या लेखी ठरावाशिवाय कोणतीही शाळा किंवा वर्ग बंद, विलीन अथवा स्थलांतरित करू नये. तोंडी सूचनांचा प्रकार तत्काळ थांबवावा. ऊसपट्ट्यातील शाळांचा पट जानेवारीत दुसऱ्यांदा मोजून हंगामी मुलांसाठी हंगामी शिक्षक द्यावा, आणि आधारच्या तांत्रिक त्रुटीमुळे वगळलेले मूल मुख्याध्यापकाच्या दाखल्यावर गणतीत धरावे.

संयुक्त शाळा अनुदान जूनमध्ये, एकाच हप्त्यात द्यावे. त्यातील एक ठरावीक भाग पटाशी न जोडता प्रत्येक शाळेला सारखा मिळावा, आणि वीजबिल शाळेच्या अनुदानातून न भरता शासनाने थेट भरावे. केंद्राच्या योजनेत हे बसत नसेल तर राज्याने आपल्या तिजोरीतून भर घालावी. त्यासाठीच अर्थसंकल्प मांडला जातो. धोकादायक ठरलेल्या व निर्लेखित झालेल्या वर्गखोल्यांची तालुकावार यादी, प्रत्येक खोलीच्या बदली बांधकामाच्या वर्षासह, जाहीर करावी.

एक मागणी शासनाकडे नाही, आपणाकडेच आहे. आपल्या स्थानिक विकास निधीतून आमच्या भागात स्वागतकमानी उभ्या राहिल्या, देवळांपुढे पेव्हर ब्लॉक बसले. त्यांवर आपली नावे ठळक आहेत आणि ती आम्ही रोज वाचतो. पुढील दोन वर्षे या निधीचा निश्चित हिस्सा वर्गखोल्यांसाठी राखून ठेवल्याचे आपण प्रत्येकाने लेखी जाहीर करावे. खोलीवर आपले नाव कमानीएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायला आमची हरकत नाही.

या मागण्यांसाठी आपणाकडे साधने आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, शालेय शिक्षण विभागाच्या मागण्यांवरची चर्चा, कपात सूचना, आणि पुढच्या अधिवेशनात येणाऱ्या पुरवणी मागण्या. आपण दहा जण वेगवेगळ्या पक्षांचे आहात. गावच्या शाळेच्या पटावर मुलाच्या बापाचा पक्ष लिहिलेला नसतो. आपण मिळून एक लक्षवेधी दिली आणि ती स्वीकारली गेली तर मंत्रिमहोदयांना उत्तर द्यावे लागेल. जे सन्माननीय सदस्य सत्ताधारी बाजूला आहेत त्यांना सभागृहात बोलणे अवघड जात असेल, तर त्यांनी मंत्र्यांच्या दालनात बोलावे. आम्हाला निर्णय हवा आहे, तो कोठे झाला याला महत्त्व नाही.

आमच्या समितीची पुढची मासिक सभा अधिवेशन संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी शाळेत आहे. सभेच्या विषयपत्रिकेवर इतिवृत्त वाचन आणि जमाखर्च यांनंतर तिसरा विषय 'आमदारांकडून आलेली उत्तरे वाचणे' असा लिहिलेला आहे. जी उत्तरे येतील ती वाचली जातील, आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांचीही नावे इतिवृत्तात लिहिली जातील.

आपली विश्वासू,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष,
राधानगरी तालुका, जिल्हा कोल्हापूर